चमचा, वाटी आणि समाजस्वास्थ्य

संध्याकाळी साडेसातनंतर भाईंदर स्थानकाच्या पूर्वेकडील जिन्यावरून उतरणारी गर्दी पाहिली, की या उपनगराच्या आहाराचे सारे गणित एका दृष्टिक्षेपात ध्यानात येते. सकाळी सातच्या आधी घर सोडलेला माणूस गाडीत तासाभराहून अधिक काळ उभा राहून परतलेला असतो. दुपारचा डबा एक वाजता संपलेला असतो आणि घरचे जेवण साडेनऊच्या आत ताटात पडण्याची शक्यता नसते. जिना संपतो तेथेच कढईत वडे उसळत असतात. पुढे दहा पावलांवर पोळी-भाजी केंद्रापुढे रांग लागलेली असते आणि त्या रांगेत नोकरीवरून परतणाऱ्या गृहिणींची संख्याही थोडी नसते. या माणसाला व या गृहिणीला ‘बाहेरचे खाऊ नका’ असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु घरी जाऊन चूल पेटवायची केव्हा, आणि पेटवली तर तिच्यावर शिजवायचे काय, याचे उत्तर त्या उपदेशात नसते.

२००१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका आली आणि २०११च्या जनगणनेत हा आकडा ८ लाख ९ हजारांवर गेला. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे ज्या गावात वाढतात, तेथे केवळ इमारती वाढत नाहीत. नव्याने थाटलेले हजारो संसार वाढतात. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून, कोकणातून, घाटावरून, गुजरात-राजस्थानातून आणि उत्तरेकडून आलेल्या या संसारांपैकी बहुतेकांमध्ये एक गोष्ट समान आहे. सासू किंवा आजी मूळ घरी राहिली आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत नवी सून एकटीच स्वयंपाकघरात उभी राहिली.

महाराष्ट्रात लेकीला सासरी पाठवताना अन्नपूर्णेची लहानशी पितळी मूर्ती देण्याची रीत आहे. मूर्ती भाईंदरलाही आली. तिच्यामागे जी प्रत्यक्ष विद्या होती, ती मात्र सोबत आली नाही, कारण ती विद्या पुस्तकात नव्हती. ती सासूच्या शेजारी बसून भाजी निवडताना, कोणत्या ऋतूत काय टाळायचे आणि कोणाच्या ताटात काय अधिक वाढायचे हे ऐकताना, वर्षानुवर्षांत झिरपत असे. घरात बाळंतीण असली की आळिवाचे लाडू, आजारी माणूस असला की मुगाचे कढण, पावसाळा लागला की पालेभाजीला रजा आणि कुळथाच्या पिठल्याला आमंत्रण, हे नियम कोणी वर्ग घेऊन शिकवले नव्हते. एकत्र कुटुंबाच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. एकत्र कुटुंब मोडले तेव्हा आहाराची एक शाळाही बंद पडली, या हानीची नोंद मात्र फारशी कोणी घेतली नाही.

ही रिकामी जागा आता दूरचित्रवाणीने आणि हातातल्या मोबाईलने व्यापली आहे. तेथे पाककृतींना तोटा नाही, किंबहुना त्यांचा महापूर आहे. पण पाककृती पाहणाऱ्या गृहिणीच्या घरात मधुमेही सासरे आहेत की परीक्षेला बसलेला मुलगा, याची पडद्यावरच्या बाईंना फिकीर असण्याचे कारण नाही. चवीला आणि देखणेपणाला तेथे महत्त्व, कारण पाहणाऱ्याला पडद्यातून तेवढेच कळते.

म्हणूनच वस्तीवस्तीत ‘आरोग्यदायी स्वयंपाकाचे वर्ग’ घेण्याची जी कल्पना अलीकडे महिला मंडळांतून आणि गृहनिर्माण संस्थांतून पुढे येत आहे, तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे. स्वागत करताना एक सावधगिरीही हवी. अशा वर्गांचे प्रत्यक्ष रूप अनेकदा पाककला स्पर्धेच्या वळणावर जाते. ओट्सचा ढोकळा, ब्रोकोलीचे सूप, परदेशी धान्याची खिचडी, गाजराची फुले कोरून सजवलेली कोशिंबीर असे चार पदार्थ दोन तासांत दाखवले जातात, टाळ्या पडतात, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात पुन्हा तीच तेलात पोहणारी बटाट्याची भाजी जाते. यात शिकणाऱ्यांचा दोष नाही. ज्या घरात ब्रोकोली महिन्यातून एकदाही येत नाही, त्या घराला ब्रोकोली शिजवायला शिकवून काय साधणार? आजार नव्या पदार्थांच्या अभावी होत नाहीत. रोजच्या त्याच पोळी-भाजी, आमटी-भातात तेल किती, मीठ किती, डाळ किती आणि भात किती, याचे प्रमाण बिघडल्याने ते होतात. वर्गात शिकवण्यासारखी मुख्य गोष्ट हे प्रमाण आहे.

मराठी घरांना प्रमाणाची भाषा एका गृहिणीनेच शिकवली होती. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीत घरोघरी पोहोचले. त्याच्या यशाचे एक मोठे कारण असे, की त्यांनी आपली प्रमाणे प्रत्येक घरात असणाऱ्या वाटी-चमच्यात दिली. नव्या संसाराला ‘अंदाजाने घाल’ हा सल्ला निरुपयोगी असतो, कारण अंदाज अनुभवातून येतो आणि अनुभव देणारे माणूसच घरात नसते. वाटी आणि चमचा मात्र सगळ्यांकडे असतो. आज पन्नास वर्षांनी तोच धडा चवीसाठी नव्हे, तर प्रकृतीसाठी गिरवण्याची वेळ आली आहे.

येथे थोडे आकड्यांकडे वळणे अगत्याचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ही संस्था उपरी नव्हे. १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतील एका खोलीत बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून ती वाढली आणि १९५८मध्ये हैदराबादला आली. तांदूळ अतिशुभ्र सडला की त्याच्या कोंड्याबरोबर माणसाचे बळही जाते, हे ज्या रोगाने जगाला शिकवले, त्याच रोगापासून आपल्या पोषणशास्त्राचा आरंभ झाला, ही गोष्ट आजच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या मोहात लक्षात ठेवण्यासारखी आहे. या मार्गदर्शिकेनुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के वाटा अयोग्य आहाराचा आहे. सरासरी प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्या जागी अंडी-मासे, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम सुका मेवा व तेलबिया आणि अवघे २७ ग्रॅम तेल-तूप असावे, असे ती सांगते.

ग्रॅमची ही भाषा ऐकून कोणाचेही डोळे मिटू लागतील. वर्ग घेणाऱ्याचे कौशल्य तिचे वाणसामानाच्या यादीत भाषांतर करण्यात आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन किलो पुरले पाहिजे. म्हणजे साधारण साडेतीन लिटर. ज्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो आणि वर तुपाची बरणीही रिकामी होते, त्या घराने वैद्याकडे जाण्याआधी कढईकडे पाहावे. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लहान सपाट चमच्याच्या आत सांगितली आहे. त्या हिशेबाने चार माणसांना एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी, आणि त्यातही लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठ वेगळे मोजायला हवे. डाळीचे गणित याच्या अगदी उलट निघते. शाकाहारी घरात चार प्रौढ माणसे असतील, तर महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्ये लागतात. किती घरांच्या यादीत दहा किलो असतात, हे प्रत्येक गृहिणीने आपल्या मागच्या महिन्याचे बिल काढून पाहावे. तेल अधिक, मीठ अधिक, डाळ कमी आणि भात-पोळी भरपूर, हेच चित्र बहुतेक बिलांत उमटलेले दिसेल.

यात एक आर्थिक आशाही दडलेली आहे. ‘पौष्टिक खाणे श्रीमंतांना परवडते’ ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. चार माणसांना रोज सोळाशे ग्रॅम भाजी आणि चारशे ग्रॅम फळे आणणे भाड्याच्या घरात राहणाऱ्या, कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाला जड जाते, हे मान्य केले पाहिजे. ते नाकारून वर्ग घेणारा पहिल्याच दिवशी श्रोत्यांचा विश्वास गमावेल. पण तेलाचे दीड लिटर आणि फरसाणाची दोन पाकिटे वाचली, तर त्या पैशांत मटकी आणि मसूर येतात, हंगामी पालेभाजीच्या चार जुड्या येतात. खर्च वाढवायचा नाही, तो एका खणातून काढून दुसऱ्या खणात ठेवायचा आहे. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. २०२२मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचे भाव आपल्या गल्लीतल्या वाण्याकडे कसे भडकले, हे गृहिणी विसरलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले, त्यामागे लठ्ठपणाची चिंता होती, स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यात परकीय चलनाचा विचारही जोडून घ्यायला हरकत नाही.

तेल वाढले कसे? चटक लागली, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर भांड्यात आहे. पूर्वी स्वयंपाकघरात तेलाची लहान बुधली असे आणि तिच्यातून पळीने तेल निघत असे. घाण्यावरून किंवा शिधावाटप दुकानातून किटलीत आणलेले तेल महिनाभर पुरवायचे, ही धास्ती पळी धरणाऱ्या हाताला असे. आता पाच लिटरच्या डब्यातून तेल थेट कढईत ओतले जाते. हात तोच, अंदाज तोच. भांड्याचे तोंड मात्र रुंद झाले. तेव्हा वर्गाचा पहिला पाठ कोणत्याही पदार्थाचा नसावा. महिन्याचे तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत मोजून काढावे आणि फोडणी चमच्याने घालावी, एवढाच तो पाठ असावा. माणशी दिवसाला सहा लहान चमचे, त्यातच तूप आले. फोडणी तडतडायला दोन चमचे तेल पुरते, हे सांगून कोणाला पटत नाही, समोर करून दाखवावे लागते. आणि वर्गाची खरी उपयुक्तता तेथेच आहे.

भाईंदरला मिठाचा विषय काढताना तर थोडे थांबायला हवे. खाडीकाठची मिठागरे ही या गावाची जुनी ओळख. आज त्यांचा पसारा आटला असला तरी गावातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मीठ अजून आहे. ‘आमचे खडेमीठ चांगले, पिशवीतले नको’ असा एक अभिमान अशा गावांत ऐकू येतो, तर नव्या वस्तीत सैंधवाचे स्तोम असते. दोन्हींत भावना सच्ची आहे. शास्त्र मात्र वेगळे सांगते. रक्तदाब वाढवणारा सोडियम खडेमिठात असतो आणि सैंधवातही असतो. उलट, आगरातून थेट आलेल्या मिठात वरून मिसळलेले आयोडिन नसते. गर्भवतीच्या आणि लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीसाठी ते आवश्यक असल्याने केंद्र सरकारने २००६मध्ये खाण्यासाठी आयोडिनविरहित मिठाच्या विक्रीवर बंदी घातली. मिठागरांच्या गावाने मीठ मोजून आणि आयोडिनयुक्तच खावे, हे सांगताना गावाच्या अभिमानाला धक्का लागणार नाही, एवढी काळजी घेणारा शिक्षक हवा.

आता प्रश्न येतो विद्यार्थी कोण, हा. असा वर्ग जाहीर झाला की दुपारी तीन वाजता मंडळाच्या सभागृहात ज्या भगिनी येतात, त्या बहुधा घरी असणाऱ्या आणि आहाराविषयी आधीच जागरूक असणाऱ्या असतात. त्यांनी जरूर यावे. परंतु भाईंदर पूर्वेच्या कित्येक घरांतील रोजचे अन्न त्या घरच्या गृहिणीच्या हातचे उरलेलेच नाही. ते पोळी-भाजी केंद्रातून येते, सकाळी दोन तास येऊन पोळ्या लाटून जाणाऱ्या मावशींच्या हातून येते, एकट्या राहणाऱ्या तरुणांच्या खाणावळीतून येते. केंद्र चालवणारी एक बाई पन्नास घरांचे संध्याकाळचे जेवण शिजवते. तिच्या कढईतील दोन पळ्या तेल कमी झाले, तर पन्नास घरांतील कमी झाले. ही बाई दुपारी तीनला येणार नाही, तेव्हा ती भाजी चिरत असते. तिच्यासाठी सकाळी अकराची वेळ धरावी लागेल, किंवा वर्गालाच तिच्या ओट्याशी जावे लागेल. तिची एक रास्त अडचणही ऐकून घ्यावी लागेल: ‘तर्री दिसली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते.’ म्हणजे शिक्षण गिऱ्हाइकाचेही व्हायला हवे. कमी तेलाची भाजी मागणारी दहा घरे एका इमारतीतून उभी राहिली, तर तिला वेगळे पातेले लावणे परवडेल. महिला मंडळाने ही दहा घरे जमवून देणे हे शंभर पाककृती दाखवण्यापेक्षा मोठे काम ठरेल.

वडे तळणाऱ्या बांधवाच्या बाबतीतही हाच विवेक हवा. त्याच्या गाडीवर बहिष्कार घालून त्याच्या मुलांच्या शाळेची फी कोण भरणार? तळणाचे तेल किती वेळा तापवायचे, याला कायद्याने मर्यादा आहे. तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्याच्या कामी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. हे प्रमाण मोजण्याचे उपकरण त्याच्याकडे नसते. पण तेल काळे पडून दाट झाले, फेस धरू लागले आणि धुरावू लागले, की ते बाजूला काढावे, एवढे त्याला समजावता येते. त्याच तेलात दुसऱ्या दिवशी ताजे तेल मिसळण्याची सवय मोडणे अवघड आहे, कारण तिच्यामागे गरिबी आहे. वापरलेले तेल विकत घेऊन त्याचे जैविक इंधन करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आखली आहे. ती गाडीवाल्यापर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम होऊ शकते.

आणि पुरुषांचे काय? ‘स्वयंपाकाचा वर्ग’ म्हटले की तो महिला आघाडीकडे सोपवून मोकळे होण्याची आपल्या संघटनांतील सवय येथे उपयोगाची नाही. ताटात वरून मीठ घेणारा, ‘भाजीला आज चव नाही’ म्हणून पत्नीला तेलाची पळी वाढवायला लावणारा आणि रविवारी फरसाणाची पिशवी घेऊन येणारा बहुतेक घरांत पुरुषच असतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरात हा आकडा काय रूप घेतो? चाळिशीतला कर्ता माणूस, अर्धे फेडलेले गृहकर्ज, आठवीतली मुलगी आणि एका सकाळी गाडीच्या गर्दीत छातीत उठलेली कळ. त्या घरापुढे मग संस्कृती, समाज, राष्ट्र यांपैकी कोणताही मोठा शब्द काही काळ उभा राहू शकत नाही. बौद्धिकाला नियमाने येणाऱ्या स्वयंसेवकांनी महिन्यातून एका रविवारी कुकर लावायला आणि भाजी चिरायला बसावे. त्यात त्यांच्या प्रतिष्ठेला बाध येण्यासारखे काहीही नाही. शिबिरातील सामुदायिक भोजनाची तयारी ते उत्तम करतात, ती शिस्त घरच्या ओट्यापर्यंत न्यायला कोणाची आडकाठी आहे?

स्त्रियांच्या ताटाविषयीही एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्र हे काही दुष्काळग्रस्त, मागास राज्य नव्हे. सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरलेली आमटी आणि शिळी पोळी स्वतःच्या ताटात घेणाऱ्या मातेचा आपण फार गौरव केला. तो गौरव करताना तिच्या रक्तात लोह उरले आहे की नाही, हे पाहण्याची तसदी घेतली नाही. अन्नपूर्णेच्याच ताटात अन्न अपुरे, ही परंपरा जपण्यासारखी खचितच नव्हे. वर्गात हे सांगावे की घरातली बाई सर्वांबरोबर बसेल आणि भाजीची वाटी तिलाही पूर्ण मिळेल. सोबत दोन साध्या गोष्टी सांगाव्यात. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातील लोह अंगी लागत नाही. आणि पालेभाजी, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले, तर ते अधिक लागते. याला एक पैसाही पडत नाही.

परंपरेतून काय घ्यायचे, हे मात्र पुष्कळ आहे आणि ते शिकवताना शिक्षकाला परदेशी कोबी शोधत फिरावे लागणार नाही. भाद्रपदातील ऋषीपंचमीला कोकणी घरांत होणारी ऋषीची भाजी पाहा. अळू, भेंडी, दोडका, पडवळ, मका, सुरण, लाल माठ अशा दहा-बारा हंगामी भाज्या एकत्र शिजतात आणि तेल जवळजवळ नसतेच. पौषातल्या भोगीला हरभरे, पावटे, गाजर, वांगी यांची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. वरण-भातावर लिंबू, थालीपीठाच्या भाजणीत धान्यांबरोबर दळलेल्या डाळी, आगरी घरांतील तांदळाच्या भाकरीसोबतची मासळी, मालवणी कुळथाची पिठी, गुजराती घरांतील मुगाचा खिचडी-कढीचा बेत, उत्तर भारतीय घरांतील सातू, या सर्वांत धान्य आणि प्रथिने यांचा जो मेळ बसतो, तो आजच्या पोषणशास्त्राच्या कसोटीला उतरतो. ज्या घरी जे शिजते तेच अधिक चांगले कसे शिजेल, एवढे पाहावे. मासळी खाणाऱ्या घरी जाऊन शाकाहाराचे प्रवचन देणारा शिक्षक वर्ग मोडेल आणि माणसेही तोडेल. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन कुटुंबापासून सुकट-बोंबील आवडीने खाणाऱ्या भूमिपुत्रांपर्यंत सर्वांना एका सतरंजीवर बसवू शकणारे विषय आपल्याकडे थोडेच आहेत. हा त्यांपैकी एक आहे.

पण परंपरेचे नाव घेऊन काहीही खपवू नये. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्याच वागण्यावरून रचली. तुपात परतलेली, शेंगदाण्याच्या कुटाने जड झालेली साबुदाण्याची खिचडी ही पोटाला विश्रांती नव्हे. उपवास करायचाच तर वरी, राजगिरा, ताक, फळे यांवर करावा. तीच गोष्ट गुळाची. साखरेऐवजी गूळ घातला की मधुमेह फसतो, असे मानणारी मंडळी सर्व थरांत आहेत. गुळात थोडी खनिजे असतील, पण रक्तात गेल्यावर तोही साखरच होतो. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, याचा सार्थ अभिमान बाळगावा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हा तिचा गुण निर्विवाद आहे. तरीही नाचणी शेवटी पिठूळ धान्यच. तिचे गूळ घातलेले पातळ सत्त्व वाटीवाटीने पिणाऱ्या मधुमेह्याला ती औषध होणार नाही. स्वदेशीचा अभिमान आणि खरे ज्ञान यांत विरोध नाही. विरोध येतो तो अर्धवट ज्ञानाशी.

वर्गाची मर्यादाही वर्गाने ओळखावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला डाळ किती, गर्भवतीला लोहाच्या गोळ्या किती, इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा कशा सांभाळाव्यात, हे सांगणे वैद्याचे आणि आहारतज्ज्ञाचे काम आहे. तीन महिन्यांतून एकदा परिसरातील एखाद्या डॉक्टरांना बोलावावे आणि रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. अंगणवाडी सेविकांना सोबत घ्यावे. वस्तीतील लेकुरवाळ्या मातांची त्यांना जितकी माहिती असते, तितकी कोणत्याही कार्यकर्त्याला नसते. आणि एका भव्य मेळाव्याऐवजी पंधरा-पंधरा जणांचे लहान गट, महिन्यातून दोनदा, वर्षभर, असा संथ क्रम ठेवावा. सवय एका दिवसात लागत नाही आणि सुटतही नाही.

एक गोष्ट भाईंदर पूर्वेला सहज साधण्यासारखी आहे. या भागातील छोट्या कारखान्यांतून स्टीलची भांडी घडतात आणि दूरदूरच्या बाजारांत जातात. संक्रांत ते रथसप्तमी या काळात येथील घराघरांत हळदीकुंकू होते आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, पिशव्या लुटल्या जातात. यंदा मंडळांनी ठरवले, तर पाच मिलिलिटरचा एक साधा स्टीलचा चमचा याच वस्तीतल्या कारखान्यातून घडवून घेऊन वाण म्हणून देता येईल. तो तेलाच्या बरणीत राहील. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला त्या चमच्याबरोबर वर्गाचा वार आणि वेळ सांगावी आणि पहिल्या दिवशी येताना एवढेच आणायला सांगावे: घरची एक वाटी, मागच्या महिन्याचे वाण्याचे बिल आणि जमल्यास घरातला एक पुरुष.